मडगार्ड आणि डायनामोचा दिवा एकदमच का बसवावा?

रोज सायकलने कामावर, कॉलेजला, क्लासला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हल्ली नव्या हायब्रिड सायकली बहुधा मडगार्ड आणि दिव्याविनाच मिळतात. मे संपत आला की मडगार्डसाठी आमच्याकडे रांग लागते, आणि दिव्याची आठवण होते ती दिवाळीनंतर, संध्याकाळ लवकर व्हायला लागली की. आमची आग्रहाची विनंती आहे, ही दोन्ही कामं एकाच वेळी करून घ्या. पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर भोक एकच असतं. साधे रीमब्रेक असतील तर ब्रेक, मडगार्डची पट्टी आणि दिव्याचा ब्रॅकेट या तिघांना मिळून तिथे एकच बोल्ट. तो पुरेसा लांब हवा, मागे आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा नट हवा. मडगार्ड आधी बसवला आणि दिवा सहा महिन्यांनी, तर सगळं उघडून पुन्हा जुळवावं लागतं आणि मजुरी दोनदा पडते.

मडगार्डचं माप

टायरच्या बाजूवर ३५-६२२ किंवा ७०० × ३५ असे आकडे छापलेले असतात. त्याचा फोटो काढून आणलात तरी पुरे. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिलिमीटर रुंद हवा. ३५ च्या टायरला ४५ चा बसतो, २६ इंची जाड टायरला ६० ते ६५ चा लागतो. टायर आणि मडगार्ड यांच्यात करंगळीएवढी फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. गावाकडच्या काळ्या मातीच्या रस्त्याने येणाऱ्यांनी मात्र आम्हाला आधी सांगावं. ती चिकण माती फटीत दाबून बसते आणि चाक फिरेनासं होतं. अशा सायकलला आम्ही फट जवळजवळ दुप्पट ठेवतो.

मागच्या मडगार्डने पाठ वाचते, हे सगळ्यांना माहीत असतं. खरं काम पुढचा करतो. पुढच्या चाकाने उडवलेलं वाळूमिश्रित पाणी थेट बूट, चेन आणि पायडलच्या एक्सलवर येतं. चेनचं तेल धुऊन जातं, बारीक वाळू आत राहते, आणि एका पावसाळ्यात चेन झिजते. म्हणून पुढचा मडगार्ड खालपर्यंत लांब हवा आणि त्याच्या टोकाला रबरी फ्लॅप हवाच. फ्लॅप जमिनीपासून १०-१२ सेंटिमीटरवर आला तरी काळजी नको, स्पीडब्रेकरला घासला तर तो वाकतो, तुटत नाही.

एका गोष्टीत आम्ही तडजोड करत नाही. पुढच्या मडगार्डच्या आधाराच्या तारा झटका बसताच सुटणाऱ्या क्लिपमध्येच बसवतो. एखादी काटकी टायरबरोबर आत ओढली गेली, तर मडगार्ड चुरगळून चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ही क्लिप नसलेला प्लॅस्टिकचा पूर्ण लांबीचा मडगार्ड आम्ही पुढे लावून देत नाही, कृपया त्यासाठी आग्रह करू नका.

कोणता डायनामो?

टायरला घासून फिरणारा बाटलीचा डायनामो स्वस्त आहे आणि जुन्या २८ इंची काळ्या सायकलवर शोभतोही. त्याच्या आसाची रेघ वाढवली तर ती बरोबर चाकाच्या मध्यातून गेली पाहिजे. तिरपा बसला की टायरची बाजू खरवडतो. मात्र भर पावसात, ओल्या टायरवर तो घसरतो आणि दिवा मंदावतो. रात्रपाळी करून भोसरी-चाकणहून परतणाऱ्यांना म्हणून आम्ही हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला डायनामो सुचवतो. पुढच्या चाकाच्या हबमध्येच चुंबक आणि वेटोळं असतं, त्यामुळे बाहेर घासणारं काहीच नसतं. ६ व्होल्ट, ३ वॅट हे त्याचं प्रमाण. आजच्या एलईडी दिव्याला तेवढं भरपूर होतं. पायांवर येणारा जादा भार पाच-सहा वॅटच्या आसपास असतो, आणि रोजच्या चालीत तो जाणवतही नाही.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. नुसता हब घेऊन भागत नाही, चाक नव्याने विणावं लागतं. डायनामो हब जाड असल्यामुळे जुने आरे लांब पडतात, म्हणून आरेही नवे. हब ऑनलाइन मागवण्याआधी रीमची भोकं ३२ आहेत की ३६, आणि ब्रेक डिस्कचा आहे की रीमचा, एवढं आमच्याकडून तपासून घ्या.

दिवा घेताना त्यात थांबल्यावरही जळत राहण्याची सोय आहे का, ते बघा. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, चालताना भरून राहतो आणि सिग्नलला उभं असताना काही मिनिटं उजेड देतो. मागच्या दिव्यात तर ही सोय असायलाच हवी. जर्मन नियमांनुसार बनवलेल्या पुढच्या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. तिथे २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामोचीच सक्ती होती, त्यामुळे या कामात ते मुरलेले आहेत. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडली पाहिजे.

वायरिंग

पूर्वी एकच वायर ओढत, परतीचा करंट लोखंडी मडगार्ड आणि फ्रेममधून जाई. प्लॅस्टिकच्या मडगार्डमधून तो जात नाही, शिवाय फ्रेमवर रंगाचा जाड थर असतो. म्हणून मागच्या दिव्याला आम्ही दोन तारांची वायर देतो. ती फ्रेमच्या खालच्या नळीवरून नेऊन मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेने दिव्यापर्यंत जाते, आणि मडगार्ड बसवतानाच ती तिथे नीट चिकटवता येते. हँडलजवळ थोडी सैल ठेवतो, नाहीतर वळताना ताण येऊन तुटते.

काम झाल्यावर दुकानासमोरच सायकलवर बसून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागत असेल तर तिथेच सांगा. महिन्याभरात सायकल पुन्हा एकदा घेऊन या. नवे आरे तोपर्यंत बसलेले असतात, चाकाचा आऊट (डगमग) काढून आणि मडगार्डचे सगळे बोल्ट आवळून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.