भाजल्यावरचं ग्रोथ फॅक्टर जेल, घ्यायच्या आधी एवढं वाचा

"ते ग्रोथ फॅक्टरचं जेल द्या ना, डाग राहत नाही म्हणे." दिवाळीत तर रोज, एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हेच ऐकतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे आपल्याच अंगात बनणारी प्रोटीन्स, जखम झाली की तीच पेशींना निरोप देतात की वाढा, सरका, जागा भरा. ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) त्यातलंच एक. शास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांना ते उंदराच्या लाळग्रंथीत सापडलं, टोचल्यावर पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले, आणि या कामासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. ट्यूबमधलं ईजीएफ लॅबमध्ये बनवलेलं असतं, उंदराचं नसतं, घाबरू नका (हे खरंच विचारतात लोक).

आता डागाचं. फोड आलेली, वरवरची जखम दोन आठवड्यांत भरली तर जाड व्रण सहसा होत नाही, रंगात थोडा फरक राहू शकतो. तीन आठवड्यांच्या पुढे रेंगाळली की लाल, उंच, खाजणारा व्रण होण्याची भीती बरीच वाढते. जेलचा डागाशी संबंध असला तर एवढाच, जखम जरा लवकर मिटवायला मदत. किती लवकर? १९८९ च्या एका अभ्यासात ग्राफ्टसाठी, म्हणजे दुसऱ्या जागी लावायला, जिथून कातडी काढली होती ती जागा ईजीएफच्या मलमाने सुमारे दीड दिवस आधी भरली. जादू नाही, पण ड्रेसिंग सोसणाऱ्याला दीड दिवसही कमी नसतो.

मागे एक काका पाच वर्षांपूर्वी कुकरच्या वाफेने भाजलेल्या हातासाठी ट्यूब मागत होते. नाही दिली. मिटलेल्या कातडीवर ते लावून पैसेच वाया. नवा व्रण उठत असेल तर तिथे सिलिकॉन जेल नाहीतर शीट, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर प्रेशर गारमेंट (व्रण दाबून धरणारा घट्ट कपडा), तेही दिवसरात्र, फक्त आंघोळीपुरतं काढायचं. व्रण मुरायला वर्ष-दोन वर्षं लागतात, महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

आणि भाजलेली जागा पांढरी, चामड्यासारखी कडक झाली असेल, तिथे दुखतही नसेल, तर ते बरं लक्षण नाही, खोल भाजलंय. चेहरा, हात, सांधे, करंट लागलेला किंवा लहान मूल असेल तरी आमच्याकडे न येता सरळ हॉस्पिटल गाठा. भाजल्या भाजल्या वीस मिनिटं नळाखाली धरा, बर्फ लावू नका, आणि टूथपेस्ट, हळदही नाही, नाहीतर डॉक्टरांना आधी ते खरवडत बसावं लागतं.

डॉक्टरांनी जेल लिहून दिलं तर जखम सलाईनने धुवायची, पातळ थर द्यायचा, वर न चिकटणारं गॉज. पू, वास, ताप असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही त्यांना आधी सांगा.

ट्यूब फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीला. फ्रीजरमध्ये नाही हं! एका ताईंनी बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली, गोठली, पूर्ण ट्यूब फुकट गेली, बदलूनही देता आली नाही.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि घर लांब असेल तर निघायच्या आधी फोन करा, आइस पॅक तयार ठेवतो.