लाल कमान की इंद्रधनुष्य? नौदलाच्या जुन्या हेल्मेटांवरच्या खुणा

पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा अनेक अमेरिकी खलाशांच्या डोक्यावर पहिल्या महायुद्धातलं, थाळी पालथी घातल्यासारखं शिरस्त्राण होतं. लवकरच त्याची जागा खोलगट एम-१ ने घेतली. जहाजावर त्याला राखाडी रंग चढायचा आणि स्टेन्सिलने तोफेचा नाहीतर दुरुस्ती पथकाचा क्रमांक पडायचा. त्या खुणा वाचणं त्यामानाने सोपं. घोळ आहे तो किनाऱ्यावर उतरलेल्या हेल्मेटांचा.

६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर नौदलाच्या किनारा तुकड्या भूदलाच्या इंजिनिअरांसोबत उतरल्या. बोटींना वाट दाखवायची, रुतलेल्या बोटी सोडवायच्या, जहाजांशी संपर्क ठेवायचा, जखमींना परत धाडायचं, ही त्यांची कामं. पण अंगावर कपडे भूदलाचे आणि डोक्यावर हेल्मेटही भूदलाचंच, ऑलिव्ह हिरवं. ही माणसं पाण्याच्या काठीच राहायला हवीत हे गोंधळातही दिसावं, म्हणून हेल्मेटभोवती राखाडी पट्टा, पुढे 'यूएसएन' (म्हणजे अमेरिकी नौदल) ही अक्षरं आणि एक लाल कमान. सोबतच्या इंजिनिअरांची कमान पांढरी.

या कमानीला संग्राहक सर्रास 'इंद्रधनुष्य' म्हणतात, आणि तिथेच वाट चुकते. इंद्रधनुष्य म्हटलं की माणूस रंग मोजायला लागतो. इथे रंग एकच. शिवाय अमेरिकी भूदलाच्या एका डिव्हिजनच्या बाहीवर लाल, पिवळं, निळं असं खरंखुरं इंद्रधनुष्य होतं, पण ती त्या दिवशी नॉर्मंडीत नव्हतीच. नवखे दोन्ही एकत्र करतात. काहीजण 'चंद्रकोर' म्हणतात, तेही फसवं, कारण कोरीची टोकं निमुळती होत जातात आणि कमानीची जाडी सारखी राहते. माझं मत स्पष्ट आहे: कमानच म्हणावं. वाद लांबायला जुने फोटोही कारण आहेत. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल आणि ऑलिव्ह हिरवा सारखेच गडद उमटतात, त्यामुळे कमान असूनही दिसत नाही.

युद्धानंतर बरीच हेल्मेटं जहाजांवर वर्षानुवर्षं वापरात राहिली आणि एकावर एक रंगाचे थर चढले. पुढे संग्राहकांचा बाजार तापला, तशी साध्या हेल्मेटांवर कमान रंगवून विकणारेही आले. अशा वेळी रंगाआधी पोलाद बघावं. आतल्या बाजूला, पुढच्या कडेजवळ ठोकलेला आकडा पोलादाच्या खेपेचा असतो. खाली 'एस' असेल तर हेल्मेट सेंट लुईसच्या कारखान्यातलं. तो आकडा रंगकामाची तारीख सांगत नाही. मूळ रंगात कॉर्कचा भुगा असायचा, युद्धानंतर तिथे वाळू आली. आणि कडेच्या पट्टीचा सांधा आधी पुढे असायचा, तो १९४४ च्या अखेरीस मागे गेला. सांधा मागे असलेलं हेल्मेट ओमाहावर उतरलेलं असूच शकत नाही, वर कमान कितीही लाल असो.