दारावर गावाचं नाव

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून गेलात की अठराव्या लेण्यापुढे, म्हणजे चैत्यापुढे, बौद्धांच्या प्रार्थनागृहापुढे, जरा थांबा. दारावरच्या कमानीपाशी ब्राह्मीत एक छोटी ओळ कोरलेली आहे: नाशिककरांपैकी धंभिक गावाचं दान. दाता राजा नाही, सावकार नाही, अख्खं गाव आहे. मात्र ज्यांनी छिन्नी चालवली, त्या पाथरवटांचं नाव तिथे नाही.

समकालीन कलेत ‘कलेक्टिव्ह’, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या कलाकारांचा गट, हा शब्द आज सर्रास ऐकू येतो. त्यामागचा खरा पेच मला या दारातच दिसतो: नाव कोणाचं आणि पैसा कोणाच्या हातात?

१९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे कलाकार एकत्र आले. प्रोग्रेसिव्ह ग्रुप एक, पण चित्रावर सही ज्याची त्याची. १९९२ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॅक्स मीडिया कलेक्टिव्हमध्ये तिघे एकाच नावाने काम करू लागले. हा फरक मोठा आहे. २०२१ च्या टर्नर या ब्रिटिश कला पुरस्काराच्या अंतिम यादीत तर पाचही गटच होते. तो बेलफास्टच्या ॲरे कलेक्टिव्हला मिळाला.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनाची धुरा जकार्ताच्या रुआंग्रुपा गटाकडे होती. त्यांनी सूत्र घेतलं ‘लुंबुंग’चं, म्हणजे उरलेलं भात साठवायच्या गावाच्या सामायिक कोठीचं. हे वाचलं आणि मला पांडवलेण्यांतलं दहावं लेणं आठवलं. तिथल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक व्याज, आणि त्यातून वीस भिक्खूंना वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, चिवरासाठी (वस्त्रासाठी) बारा-बारा कार्षापण. मुद्दल कायम, व्याज वाटायचं.

वारली पाड्यांवर लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चित्र, सवासिणी ‘लिहितात’. सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, शेजारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणं म्हणते. सही कोणाचीच नसते. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ती हक्काचीच होती. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं मात्र मागेच राहिली. म्हणून गटाने केलेलं काम पाहायला गेलो की मी आधी खालची पाटी वाचतो: किती नावं आहेत, आणि भिंत सारवणारीचं त्यात आहे का.