गोष्ट बोर्डिंगांपासून सुरू होते : कोल्हापुरातील प्रौढ आणि उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात उच्च शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं १९६२ वर, शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेवर येऊन थांबतं. मला मात्र ही गोष्ट दसरा चौकातल्या बोर्डिंगांपासून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून सांगावीशी वाटते.

कॉलेज इथे १८८० पासून होतं. गोपाळ कृष्ण गोखले याच राजाराम कॉलेजात शिकले. पण भुदरगडच्या शेतकऱ्याच्या पोराने शहरात राहायचं कुठे, दोन वेळा जेवायचं कुठे? शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. महाराजांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिलं. त्यात ब्राह्मणेतर मुलं टिकेनात. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार बोर्डिंगांवर आज आक्षेप घेणं सोपं आहे. त्या काळी मात्र त्यामुळेच गावाकडच्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने सरकारी नोकरीतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. त्या जागांवर बसणारी माणसं याच बोर्डिंगांतून तयार व्हायची होती.

कुंभोजचे भाऊराव पाटील यातल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, तीही वसतिगृहाचा हात धरूनच. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच वाट.

प्रौढ माणसांच्या शिकण्याचाही संस्थानात विचार झाला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. गावकामगार पाटलांसाठी महाराजांनी खास शाळा काढली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं, म्हणजे गावचा हिशेब ठेवण्याचे वंशपरंपरागत हक्क गेले, पगारी तलाठी आले, आणि त्यांनाही महसुली दप्तर शिकवावं लागलं. अक्षरओळखीपुरतं हे शिक्षण नव्हतं. जमिनीची नोंद, वसूल, हिशेब आपल्या माणसाला वाचता यावा, यासाठी होतं. प्रौढ शिक्षणाचा इतका रोखठोक हेतू पुढच्या सरकारी योजनांत मला क्वचितच दिसला.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. पुण्याकडे तोंड करून बसलेल्या दक्षिण महाराष्ट्राला घरचं विद्यापीठ मिळालं.

त्याआधीच गारगोटीत मौनी विद्यापीठ ही ग्रामीण शिक्षणसंस्था उभी राहिली होती, शेती आणि खेडं शिक्षणाच्या मध्यभागी ठेवून. ती घडवणाऱ्यांपैकी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाचे, म्हणजे राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे, ते सदस्य-सचिव झाले. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो १५ ते ३५ वयोगटासाठी. पस्तिशी ओलांडलेली शेतमजूर बाई त्यात बसत नव्हती. आताच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ च्या पुढे वयाची अट नाही, त्यामुळे आता तीही परीक्षेला बसू शकते.