वीजबिल नावावर, म्हणजे घर नावावर?

"वीजबिल आणि घरपट्टी आपल्या नावावर असली की घर आपलंच," हा मेसेज खानदेशात वर्षानुवर्षं फिरतोय. जळगावात वकिली करताना पावत्यांची पिशवी घेऊन आलेली माणसं मला भेटतात. वीस-वीस वर्षं वेळेवर पैसे भरलेत, तेव्हा त्यांना तसं वाटणं साहजिक आहे.

पण विद्युत अधिनियम 2003 चं कलम 43 म्हणतं, मालक किंवा भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा), कोणीही अर्ज केला तरी वीज द्यायची. म्हणून भाडेकरूच्या नावानेही मीटर बसतं. घरपट्टीची नोंद करवसुलीसाठी असते. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, काढा: मालक आणि भोगवटा करणारा, दोघांचे रकाने वेगळे दिसतील.

मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा) बघा, शहरात मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड). घर विकत घेणार असाल, तर इसार देण्याआधीच.