एकराचा भाव आणि मातीचे गुण: आयोवातल्या एका काउंटीचा हिशेब

अमेरिकेच्या आयोवा राज्यात वायव्येला ओब्रायन नावाची काउंटी आहे. मुख्य गाव प्रिमगार. आजूबाजूला मोठे शहर नाही, त्यामुळे शेताचे प्लॉट पडतील ही आशा कोणी धरत नाही. पाऊसही पूर्व आयोवापेक्षा कमीच. तरी शेतजमिनीच्या भावात ही काउंटी अलीकडे राज्याच्या यादीत अगदी वर असते. 2024 मध्ये राज्याची सरासरी एकरी 11,467 डॉलर होती आणि ओब्रायनचा भाव तिच्याहून बराच चढा होता. माती चांगली म्हणून भाव जास्त, हे उत्तर अर्धेच खरे आहे.

एकर आपल्याकडचाच, 40 गुंठ्यांचा. जमिनीची मांडणी मात्र पाटीवर आखल्यासारखी आहे. 1785 च्या कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने या भागाची सहा मैल बाय सहा मैल अशा चौकोनांत मोजणी झाली. प्रत्येक चौकोनात एक चौरस मैलाचे 36 'सेक्शन', म्हणजे प्रत्येकी 640 एकर. सेक्शनचा पाव भाग 160 एकर आणि त्याच्या निम्मा 80. बाजारात येणारा तुकडा बहुधा हाच, ज्याला तिथे नुसते 'एटी' म्हणतात. त्याची लांबी अर्धा मैल, रुंदी पाव मैल. मालकी कागदावर रस्त्याच्या मध्यापर्यंत जाते. 66 फूट रुंद रस्त्याचे निम्मे, म्हणजे 33 फूट, शेताच्या हिशेबात येतात. लांब बाजूने रस्ता असेल तर दोन एकर गेले, आखूड बाजूनेही असेल तर आणखी एक. लिलावातली बोली एकरी लागते आणि एकरांच्या संख्येने गुणली जाते. ती संख्या पूर्ण क्षेत्राची आहे की कर आकारल्या जाणाऱ्या क्षेत्राची, हे बोलीआधी वाचले नाही तर रस्त्याचेही पैसे भरावे लागतात.

आता माती. हिमनद्या मागे हटल्यावर वाऱ्याने आणून पसरलेला बारीक पोयटा, त्याला लोएस म्हणतात. त्यावर हजारो वर्षे प्रेअरीचे उंच गवत वाढले आणि त्याच्या मुळ्या कुजून काळा, सेंद्रिय कर्बाने भरलेला थर झाला. मृदाशास्त्रज्ञांनी इथल्या मातीचे प्रकार पाडून त्यांना नावे दिली आहेत: चढावरची गाल्वा, मधली प्रिमगार (गावावरूनच), सखल भागातली मार्कस. प्रत्येक प्रकाराला 5 ते 100 च्या पट्टीवर गुण मिळतात. या गुणांकाचे नाव 'सीएसआर-2', मक्यासाठी जमीन किती योग्य याचे मोजमाप. मूळ पद्धत 1971 ची, सुधारित 2013 ची, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीची. मातीच्या वर्गाला आधी काही गुण द्यायचे. मग कणांचा पोत, पाणी धरून ठेवण्याची ताकद, उतार-पूर-पाणी साचणे, मातीची खोली आणि जमिनीला सोसवेल इतकी धूप यांसाठी गुण वजा करत जायचे. शेवटी तज्ज्ञांच्या मताने थोडे कमी-जास्त.

शेताचा गुणांक काढायला अमेरिकी कृषी खात्याचा मृदा नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो. शेताची हद्द आखली की कोणती माती किती एकर, ते दिसते. समजा, 80 एकरांत लागवडीची 76 आहे: 40 एकर 95 गुणांची, 24 एकर 92 ची, ओढ्याकाठची उताराची 12 एकर 75 ची. (गुण पद्धत कळण्यापुरते धरलेले आहेत.) गुणाकारांची बेरीज 6,908, भागिले 76, म्हणजे 90.9. आता एकरी 15,000 डॉलरने 80 एकर घेतले तर 12 लाख डॉलर झाले. लागवडीच्या एकराला 15,789, आणि एका गुणाला साधारण 174 डॉलर. शेजारचा दुसरा तुकडा त्याच गुणांकाचा, एकरी 14,500 ला, पण लागवड फक्त 70 एकर. त्याचा गुणाला भाव 182 डॉलर निघतो. स्वस्त दिसणारा तुकडा महाग ठरला. व्यवहारातले लोक म्हणूनच नुसत्या एकराचा भाव ऐकून माना डोलावत नाहीत.

या गुणांकात एक खाच आहे, आणि नवे गुंतवणूकदार तिथेच अडखळतात. जिथे निचऱ्याची गरज आहे तिथे कृत्रिम निचरा केलेला आहे, असे गुण देताना धरलेले असते. पाईप घातलेले शेत आणि न घातलेले शेत, दोघांचे गुण सारखेच! प्रिमगार आणि मार्कस मातीत वसंतात पाणी वर येते. ते काढायला जमिनीखाली सच्छिद्र प्लास्टिकचे पाईप घालतात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानांत घालतात त्याच जातीचे. चार इंची पाईप, तीन ते चार फूट खोल, दोन ओळींत मातीप्रमाणे साधारण 60 ते 100 फूट अंतर. चोवीस तासांत शेतावरचे 10 ते 12 मिलिमीटर पाणी बाहेर पडावे, असा बेत असतो. निचरा चांगला असला तर वाफसा लवकर येतो, पेरणी वेळेवर होते आणि मुळ्यांना हवा मिळते.

बिघाड होतात ते असे. पाईपला शंभर फुटांत किमान एक-दीड इंचाचा उतार लागतो. मध्येच उलट उतार पडला की गाळ बसतो. विलो झाडाच्या मुळ्या छिद्रांतून आत शिरतात. जुने मातीचे नळ एकेक फुटाचे, अवजड कापणीयंत्राखाली फुटतात आणि वर खड्डा पडतो. ओढ्यातले तोंड बुजले तर सगळे जाळेच थांबते. जुन्या जाळ्यांचे नकाशे बहुधा सापडत नाहीत. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी, पीक नसताना, ड्रोनने फोटो काढावा: पाईपवरची माती आधी सुकते आणि फिकट रेघा उमटतात. रेघा नसतील तर गुणांक काहीही सांगो, नव्या पाईपांचा खर्च भावातून वजा करायचा. याच नळांमधून नायट्रेटही नद्यांत उतरते, त्याचा खर्च खालच्या शहरांना येतो. जमिनीच्या भावात तो कुठेच धरलेला नसतो.

मग ओब्रायनमध्ये एका गुणाला इतरांपेक्षा जास्त पैसे का? माझ्या मते यात डुकरांचा वाटा मोठा आहे. वायव्य आयोवात डुकरे आणि मांसाची गुरे भरपूर. धान्य जवळच खपते, इथेनॉलचे कारखानेही घेतात. स्थानिक भाव बुशेलमागे 10 सेंट जरी चढा मिळाला तरी राज्याच्या 2024 च्या मक्याच्या सरासरी उत्पन्नावर, म्हणजे एकरी 211 बुशेलवर (सुमारे 54 क्विंटल), 21 डॉलर वाढतात. दुसरी बाजू मळीची, म्हणजे डुकरांच्या पातळ शेणमुताची. आयोवात पूर्ण वाढीच्या 2,500 डुकरांपासून गोठ्याला बांधकाम परवाना लागतो, म्हणून 2,400 चे गोठे जागोजाग दिसतात. खालच्या खोल टाक्यांत साठलेली मळी शरदात, जमीन 10 अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाल्यावर, जमिनीत सोडतात. आधी सोडली तर नत्राचे नायट्रेट होऊन वाहून जाते. ती बहुतांश पाणीच, त्यामुळे लांब नेणे परवडत नाही, आणि किती एकरांवर टाकणार याचा आराखडा मोठ्या गोठेवाल्याला द्यावा लागतो. गोठ्याला लागून असलेला 'एटी' विकायला निघाला की दोन शेजारी एकमेकांवर चढतात.

खंडाने मात्र हा भाव निघत नाही. 2024 चा राज्याचा सरासरी खंड एकरी 279 डॉलर, म्हणजे जमिनीच्या किमतीवर जेमतेम 2.4 टक्के, तोही कर देण्याआधी. कर्जाचा दर त्या वर्षी याच्या दुपटीहून जास्त होता. तरी खरेदी होते, कारण विद्यापीठाच्या 2022 च्या पाहणीनुसार राज्यातली 84 टक्के शेतजमीन कर्जमुक्त आहे. जुन्या जमिनी नव्या खरेदीला सांभाळतात. शिवाय दोन तृतीयांश जमीन 65 वर्षांवरील मालकांची. वारसाला जमीन मिळते तेव्हा तिची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाने धरतात, त्यामुळे आधीच्या नफ्यावरचा कर संपतो. जिवंतपणी कोण विकेल? थोडी जमीन, बरेच शेजारी, असा हा बाजार.

तो कोसळतच नाही असे नाही. 1981 मध्ये राज्याची सरासरी 2,147 डॉलर होती, 1986 मध्ये 787. जमिनीचा भाव वाढतोय म्हणून त्याच जमिनीवर कर्ज काढून आणखी जमीन घेतलेली, त्यात 1980 ची सोव्हिएत धान्यबंदी आणि महागाई मोडायला वर नेलेले व्याजदर. भाव उतरताच तारण अपुरे पडले. ही सरासरी म्हणजे खरेदीखतांची बेरीज नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दलाल, बँकवाले, जाणकार यांना विचारून नोव्हेंबरच्या सुमाराचा काढलेला तो अंदाज आहे.

शेवटची अडचण तारखेची. आयोवात खंडकऱ्याचा करार संपवायचा तर 1 सप्टेंबरपर्यंत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि करार पुढच्या 1 मार्चला संपतो. नोव्हेंबर 2025 मध्ये शेत घेतले आणि जुन्या मालकाने नोटीस दिलेलीच नसेल, तर खंडकरी 1 मार्च 2027 पर्यंत जुन्याच अटींवर राहतो. त्यामुळे लिलावाच्या जाहिरातीत 'ताबा' या शब्दापुढची ओळ एकराच्या भावाआधी वाचतात.