अलेक्झांड्रियाची मारिया आणि तिची भांडी

तांब्याची नळी किती जाड हवी, हे मारियाने नेमकं सांगून ठेवलंय: आचाऱ्याच्या तांब्याच्या तव्याहून थोडी जाड. लांबी साधारण दीड हात. अशा तीन नळ्या करायच्या, उकळत्या भांड्याच्या टोपीला जोडायच्या, सांधे कणकेच्या खळीने बुजवायचे आणि प्रत्येक नळीच्या टोकाला काचेचा चंबू लावायचा. चंबू मोठा आणि जाड काचेचाच हवा, नाहीतर उष्णतेने तडकतो. हे वाचताना मला कळतं की सांगणारीने हे स्वतःच्या हाताने केलंय. फुटलेला चंबू पाहिल्याशिवाय अशी सूचना सुचत नाही.

हे यंत्र म्हणजे ट्रिबिकोस, तीन नळ्यांचं ऊर्ध्वपातन यंत्र. खाली द्रव तापतो, वाफ टोपीत चढते, नळ्यांमधून जाताना निवते आणि थेंबाथेंबाने चंबूत उतरते. मारिया ही किमयागार, म्हणजे साध्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्यांपैकी एक. ती रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या दरम्यान होऊन गेली. परंपरा तिला अलेक्झांड्रियाची ज्यू विदुषी मानते. तिचा एकही ग्रंथ अखंड उरलेला नाही. इसवी सन 300 च्या सुमारास पॅनोपोलिसच्या झोसिमोस या किमयागाराने तिचे उतारे आदराने दिले, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

तिच्या नावाशी जोडलेलं दुसरं उपकरण मला जास्त विलक्षण वाटतं. मेणाचे रंग मऊ राहावेत म्हणून चित्रकार धातूची पाटी तापवून ठेवत. तिला केरोटाकिस म्हणत. किमयागारांनी ती पाटी बंद भांड्यात बसवली. तळाशी गंधक किंवा पारा तापवायचा. त्याची वाफ वर चढून पाटीवरच्या तांब्याच्या किंवा शिशाच्या पत्र्याला लागते, झाकणाखाली निवते, परत तळाशी ठिबकते आणि पुन्हा वाफ होते. आत घातलेलं काहीही वाया न जाता तासन्‌तास क्रिया चालू राहते. आजचे रसायनशास्त्रज्ञ ‘रिफ्लक्स’ करतात, त्यामागचं तत्त्व हेच. धातूवर गंधकाची वाफ गेली की काळी सल्फाइडं तयार होतात. अशा एका काळ्या पदार्थाला पुढे मारियाचंच नाव मिळालं. हे काळं होणं म्हणजे सोन्याकडे जाणारी पहिली पायरी, असं त्या काळी मानत.

सोनं अर्थातच झालं नाही. तांब्याच्या अणुकेंद्रात 29 प्रोटॉन असतात, सोन्याच्या 79. भट्टीची आच अणुकेंद्रापर्यंत पोचतच नाही. पण सोनं झालं नाही म्हणून किमयेला फसलेला उद्योग म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. उपकरणं तर चालत होती!

आता आचेचा प्रश्न. थर्मामीटर यायला अजून दीड हजार वर्षं होती आणि कोळशाची आच कधी भडकते, कधी मंदावते. नाजूक पदार्थ करपू न देता तापवायचा कसा? भांडं पाण्यात ठेवून. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि उकळतं पाणी त्याहून जास्त तापत नाही, कारण वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एका ग्रॅमला सुमारे 540 कॅलरी. बाहेरचं पाणी आटत नाही तोवर आतल्या भांड्याचं तापमान 100 च्या वर जात नाही. ही युक्ती मारियाच्याही आधीची असावी, पण मध्ययुगीन युरोपने तिला मारियाचं नाव दिलं. फ्रेंच स्वयंपाकघरात चॉकलेट वितळवण्याच्या या पद्धतीला आजही बँ-मारी म्हणतात. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेतला वॉटर बाथही त्याच तत्त्वावर चालतो.

मारिया एकटी नव्हती. क्लिओपात्रा नावाच्या किमयागार स्त्रीच्या (ही राणी नव्हे) नावाचं एक पान व्हेनिसमधल्या सुमारे हजार वर्षं जुन्या ग्रीक हस्तलिखितात आहे. त्यावर दोन नळ्यांच्या ऊर्ध्वपातन यंत्राची आकृती आहे, आणि स्वतःची शेपटी गिळणारा सापही. सापाच्या वेटोळ्यात लिहिलंय, ‘सर्व एकच आहे’.

झोसिमोसने आपलं बरंचसं लेखन थिओसेबिया या स्त्रीला उद्देशून केलं. तिला तो ‘भगिनी’ म्हणतो. पाफ्नूशिया नावाच्या दुसऱ्या एका किमयागार स्त्रीच्या नादी लागू नकोस, असंही बजावतो. म्हणजे या विद्येत बायका शिकत होत्या, एकमेकींशी बोलत होत्या आणि कुणाचं खरं यावर त्यांच्यात मतभेदही होते. थिओसेबियाने झोसिमोसला काय उत्तर दिलं, ते मात्र कुणी जपून ठेवलं नाही.